मोसाच्या फोटोखालची ओळ

एडवर्ड कर्टिसचा ‘मोसा – मोहावे’ हा 1903 सालचा फोटो तुम्ही नाव माहीत नसतानाही कुठेतरी पाहिला असेल. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल काही छापायचं असलं की जे पाचदहा चेहरे हमखास काढले जातात, त्यातला हा एक. किशोरवयीन मुलगी. चेहऱ्यावर रंगाचे पट्टे, गळ्यात मण्यांच्या माळांचा भार, मागचं सगळं पुसट. ती थेट आपल्याकडे बघते आहे. फोटो उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कर्टिसशी बरंच भांडणार आहे आणि ते भांडण त्याच्या डोळ्याशी किंवा हाताशी नाही. ते फोटोखालच्या मजकुराशी आहे.

कर्टिसच्या ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ या वीस खंडांच्या प्रकल्पात मोहावे लोक दुसऱ्या खंडात येतात. तो 1908 साली निघाला. मोसाच्या चित्रासोबत तो जे लिहितो त्याचा मतलब असा: या मुलीहून अस्सल आदिम माणूस शोधून सापडणार नाही, आणि तिचे डोळे म्हणजे रानातल्या पाडसाचे डोळे, नागर जगातल्या विचित्र वस्तू पहिल्यांदाच बघून बावरलेले. वाचायला छान वाटतं. आता पुन्हा फोटो बघा. खरोखर बावरलेली दिसते का ती? मला तरी नाही. उलट समोरचा माणूस काय करतोय याचा ती नीट अंदाज घेते आहे, असं वाटतं. अर्थात हे माझं वाचन झालं, तुम्हाला वेगळं दिसू शकेल. ‘पहिल्यांदाच’ हा शब्द मात्र तपासता येतो.

मोहावे लोकांचा मुलूख कोलोरॅडो नदीच्या खालच्या अंगाला, आज जिथे ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही तीन राज्यं एकमेकांना टेकतात तिथला. ते स्वतःला ‘अहा मखाव’ म्हणतात, म्हणजे ढोबळमानाने नदीकाठची माणसं. नदीचा पूर ओसरला की मागे राहिलेल्या गाळात ते मका, घेवडा, भोपळे लावायचे. भोवती वाळवंट, मधून नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांनी शेती. 1859 साली अमेरिकी लष्कराने इथे किल्ला बांधला, फोर्ट मोहावे. 1883 साली रेल्वे आली आणि नदीकाठी नीडल्स हे गाव उभं राहिलं. मोहावे पुरुष रेल्वेच्या कामावर जाऊ लागले, बायका स्टेशनात प्रवाशांना मणीकाम आणि मातीच्या वस्तू विकू लागल्या. 1890 साली लष्कराने किल्ला सोडला आणि त्याच इमारतींत सरकारने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली.

म्हणजे मोसा कर्टिसच्या कॅमेऱ्यासमोर बसली तेव्हा त्या खोऱ्यातून आगगाडी धावू लागून वीस वर्षं झाली होती. तिच्या वयाच्या मुलीने आगगाडीच्या आधीचं जग बघितलेलंच नसणार. मोहावे बायकांच्या माळांतले काचेचे मणीसुद्धा व्यापारातून आलेले, युरोपातल्या कारखान्यांत घडलेले. कर्टिसला ज्यात आदिमपण दिसतं, त्या साजात अर्ध्या जगाचा बाजार ओवलेला आहे.

कर्टिसवर एक ठरावीक टीका होते, आणि ती बरोबर आहे: तो फोटोतून नको त्या गोष्टी पुसायचा. पीगन लोकांच्या तंबूतल्या 1910 सालच्या फोटोत दोन माणसांच्या मध्ये एक घड्याळ होतं, ते छापताना त्याने गायब केलं. हे उदाहरण आता इतकं झिजलंय की कर्टिसचं नाव काढलं की लोक आधी घड्याळाचंच सांगतात. मला वाटतं, त्यामुळे आपण चुकीच्या जागी शोधत बसतो. मोसाच्या चित्रात त्याला काही पुसावं लागलं नाही. चौकट इतकी जवळून धरली आहे की पुसण्यासारखं काही आत शिरलंच नाही. रेल्वे, किल्ला, शाळा, सगळं चौकटीबाहेर. आणि उरलेलं काम चार ओळींच्या मजकुराने केलं.

त्या मजकुराची किंमतही बघा. 1906 साली कर्टिस पैसे मागायला बँकर जे. पी. मॉर्गनकडे गेला. सांगतात ते असं, की मॉर्गनने आधी नाही म्हटलं. मग कर्टिसने फोटो बाहेर काढले, त्यात मोसा होती, आणि मॉर्गन विरघळला. त्याने पाच वर्षांत मिळून 75,000 डॉलर द्यायचं कबूल केलं. गोष्ट थोडी नाटकी आहे, पण पैसे खरे होते, आणि ते एका ठाम कल्पनेसाठी होते: ही माणसं आता संपत चालली आहेत, जाण्याआधी त्यांना टिपून घ्या.

संपत चालली आहेत! जणू पावसाळा संपत आलाय. फोर्ट मोहावेच्या शाळेत सहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना राहणं सक्तीचं होतं. नावं बदलून इंग्रजी नावं दिली जात. आपली भाषा बोललं की फटके, पळून गेलं की कोंडून ठेवणं. हे मोहावे लोकांनी स्वतः नोंदवून ठेवलेलं आहे. ही शाळा चार दशकं चालली. मोसाच्या वयाच्या पोरीला या खोऱ्यात नागर जगाची ओळख कशी झाली असेल, असं कुणी विचारलं, तर उत्तराची इमारत नदीकाठी उभी होती. अशा काळात तिच्या नजरेला पाडसाची नजर म्हणणं ही नुसती भाबडी कविता राहत नाही. कोण काय करतंय हे न सांगता ‘होतंय’ म्हणायची सोय त्यात आहे.

त्याच खंडात मोहावे लोकांच्या वर्णनात कर्टिस त्यांच्या शरीरयष्टीची तोंड भरून स्तुती करतो आणि लगेच त्यांची बुद्धी मंद ठरवून त्यांना बैलाच्या पंक्तीला बसवतो. कारण काय, तर उबदार हवा आणि सहज मिळणारं अन्न. मुलगी पाडस आणि बाकीचे बैल. (वाळवंटात पुराच्या तारखांवर शेती करणाऱ्यांना अन्न सहज मिळतं, असं ज्याला वाटतं त्याने पेरणीच्या दिवसांत कुठल्याही कोरडवाहू गावात एक आठवडा काढावा.)

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवते. मोसाच्या फोटोच्या आदल्याच वर्षी, 1902 मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर हा एका म्हाताऱ्या मोहावे माणसासमोर बसला होता. त्याचं नाव इनियो-कुतावेरे. तो आपल्या लोकांच्या कुळांचा, स्थलांतरांचा आणि लढायांचा इतिहास सांगत होता, जॅक जोन्स नावाचा मोहावे दुभाष्या त्याचं इंग्रजी करत होता आणि क्रोबर लिहून घेत होता. सहा दिवस हे चाललं, तरी कथा पूर्ण झाली नाही. क्रोबरने ती पुढे 1951 साली प्रसिद्ध केली. सहा दिवस तोंडपाठ इतिहास सांगणारा माणूस आणि तो दुसऱ्या भाषेत उतरवणारा माणूस, दोघं त्याच खोऱ्यातले, त्याच काळातले. कर्टिसच्या पानावर त्यांना जागाच नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, जुन्या काळातलं सगळंच चित्रण असं असणार. मला माझ्या कामात सगळ्यात जास्त थांबवून धरलं ते याच प्रश्नाने, कारण तसं नाहीये. मागे गेलं की चित्र गुंतागुंतीचं होतं, आणि एका जागी तर चक्क उलटं.

मोहावे लोकांची छापील चित्रं आधी आली ती सरकारी मोजणी-पथकांसोबत. बाल्डुइन मोल्हाउझेन हा जर्मन चित्रकार दोन वेळा तिथे गेला: 1853-54 मध्ये लेफ्टनंट व्हिपलसोबत रेल्वेचा मार्ग शोधायला, आणि 1857-58 मध्ये लेफ्टनंट आइव्हजसोबत, ‘एक्सप्लोरर’ नावाची छोटी आगबोट घेऊन नदीतून वर. त्याच्या रेखाटनांवरून न्यूयॉर्कमध्ये शिळाछाप चित्रं तयार झाली आणि आइव्हजच्या 1861च्या अहवालात रंगीत छापली गेली. उंच, सडसडीत पुरुष. सालीच्या पट्ट्यांचे झगे नेसलेल्या बायका. सगळे जरा ग्रीक पुतळ्यांसारखे उभे. ही माणसं एरवी अशी उभी राहत नसावीत, ही ढब युरोपातल्या चित्रशाळेची आहे. पण माझ्या दृष्टीने ठळक आहेत त्या तारखा. रेखाटनं 1858ची, छपाई 1861ची. मधल्या तीन वर्षांत मोहावे आणि गोऱ्या स्थलांतरितांच्या काफिल्यात लढाई झाली, लष्कर आलं, किल्ला झाला. कैरूक नावाचा जो मोहावे प्रमुख व्हिपल आणि आइव्हज या दोघांशीही मैत्रीने वागला होता, तो 1859 साली फोर्ट युमाला ओलीस असताना पळून जायचा प्रयत्न करत मारला गेला. वाचकाच्या हातात अहवाल पडला तेव्हा त्या शांत, पुतळ्यासारख्या चित्रांतलं जग लष्कराच्या ताब्यात गेलेलं होतं. छापखान्याला वेळ लागतो, एवढंच त्याचं कारण. पण परिणाम असा झाला की बघणाऱ्याला कायम आधीचं मोहावे जग दिसत राहिलं, आणि मधे काय घडलं ते चित्राबाहेर पडलं.

ऑलिव्ह ओटमनबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर खूप लिहिलं गेलंय. 1851 साली तिच्या कुटुंबावर हल्ला झाला, तिला आणि तिच्या बहिणीला पकडून नेलं गेलं, पुढे त्या मोहावे लोकांकडे आल्या. बहीण दुष्काळात गेली. 1856 मध्ये ऑलिव्ह परत आणली गेली तेव्हा तिच्या हनुवटीवर निळ्या रेघा गोंदलेल्या होत्या. तिचे स्टुडिओतले फोटो आणि रॉयल स्ट्रॅटन या पाद्र्याने 1857 साली लिहिलेलं पुस्तक दोन्ही प्रचंड गाजले. स्ट्रॅटनने त्या रेघांना गुलामीची खूण ठरवलं. वास्तविक तसं गोंदण मोहावे बायकांच्या हनुवटीवर सर्रास असे. ते आपलं माणूस असल्याची, मेल्यावर पूर्वजांनी ओळखावं म्हणून केलेली खूण होती. मार्गो मिफ्लिन यांच्या 2009च्या ‘द ब्लू टॅटू’ या पुस्तकात हे नीट मांडलंय. इथेही तेच झालं: कातडीवरची रेघ मोहावे लोकांनी काढली, तिचा अर्थ दुसऱ्याने लिहिला. गंमत म्हणजे 1854 साली व्हिपलचं पथक मोहावे वस्त्यांमधून गेलं, मोल्हाउझेन माणसांची चित्रं काढत होता, तेव्हा ऑलिव्ह तिथेच राहत होती. ती त्या पथकासमोर आली नाही.

आणि आता ती उलटी जागा. 1871 साली लेफ्टनंट जॉर्ज व्हीलरचं लष्करी मोजणी-पथक कोलोरॅडो नदीतून वर निघालं. सोबत फोटोग्राफर होता टिमथी ओ’सलिवन, यादवी युद्धातले मृतदेह टिपून आलेला. तेव्हाची पद्धत वेट प्लेटची. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची. म्हणून त्याची एक वेगळी नाव होती, तिचं नावच ‘पिक्चर’. ती नदीवरची अंधारखोली. हे लष्करी काम होतं. रस्ते कुठून न्यायचे, खाणी कुठे निघतील, मूळ रहिवासी किती आणि कुठे आहेत, हे शोधायचं. त्यात सहानुभूतीचा लवलेश अपेक्षित नाही.

त्या प्रवासातल्या ओ’सलिवनच्या एका फोटोखाली लिहिलंय: मैमान, मोहावे, 1871च्या हंगामात काही काळ कोलोरॅडोच्या मुलखातला वाटाड्या आणि दुभाष्या. बस्स. नाव, लोक, साल, जागा, काम. वाटाड्या, म्हणजे या माणसाला तो मुलूख पथकापेक्षा जास्त कळतो. दुभाष्या, म्हणजे त्याला किमान दोन भाषा येतात. आणि ‘काही काळ’ म्हणजे त्याच्या आयुष्यात या पथकाआधी आणि नंतरही काहीतरी होतं. कर्टिसच्या चार ओळींच्या काव्यात यातलं एकही नाही.

मला हे मान्य करायला जरा जड गेलं. आपण धरून चालतो की लष्कराचा कॅमेरा क्रूर आणि कलावंताचा कॅमेरा दयाळू. पण हजेरीपट लिहिणाऱ्या कारकुनाला माणूस कामाला होता एवढं तरी लिहावं लागतं. ज्याला त्या माणसाबद्दल हळहळ वाटते, त्याला ते वगळायची मोकळीक असते. ओ’सलिवनला संत करायचं नाहीये मला. त्याच वर्षीचा त्याचाच दुसरा एक फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्याच्या कॅप्शनमध्ये एवढंच, की लंगोट नेसलेले दोन मोहावे योद्धे, पश्चिम ॲरिझोना. फोटोग्राफर एक, हंगाम एक. एकाला नाव आणि काम मिळालं, दोघांना कपडे. किंवा कपड्यांचा अभाव म्हणा.

नावाऐवजी ‘नमुना’ ही सवय काही एकट्या अमेरिकेची नव्हती. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने 1863 ते 1866 या काळात मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो पुस्तकरूपाने काढले, त्यात स्टुडिओत टिपलेली माणसं बाहेरच्या देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. मग 1868 पासून ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ सरकारी खंड. जुनी पुस्तकं चाळताना फोटोखाली नुसतं ‘कोळी’ किंवा ‘भिल्ल’ लिहिलेलं दिसलं, तर आपल्याला ते खटकत नाही इतकी ती सवय मुरली आहे.

नावाबद्दल बोलतेय, तर इराताबाला वगळून चालणार नाही. हाच तो मोहावे प्रमुख ज्याने व्हिपलला आणि आइव्हजलाही वाट दाखवली. 1863च्या अखेरीस तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथून बोटीने न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. 1864 मध्ये अब्राहम लिंकनला भेटला. ‘हार्पर्स वीकली’ने त्याचं चित्र छापलं. परत आला तो मेजर जनरलचा गणवेश घालून, आणि त्याने पाहिलेल्या शहरांच्या गोष्टींवर त्याच्या लोकांनी विश्वासच ठेवला नाही. एक मोहावे माणूस न्यूयॉर्क बघून आला त्याला चाळीस वर्षं होत आली होती, तेव्हा कर्टिसला मोहावे डोळ्यांत नागर जगाची पहिली भेट दिसली.

तर मग काय करायचं? जुन्या कॅप्शन खोडून सगळीकडे नावं टाकायची? मलाही आधी हेच उत्तर सरळ वाटत होतं, पण मोहावे रीतच आडवी येते. त्यांच्याकडे माणूस गेला की दहन होतं, त्याच्या वस्तूही त्याच्यासोबत जाळल्या जातात आणि त्याचं नाव उच्चारत नाहीत. आता विचार करा. इराताबा 1874 साली गेला. आपण त्याचं चित्र जपून ठेवलंय, त्याचं नाव मथळ्यात लिहिलंय, आणि मी या पोस्टमध्ये ते दोनदा घेतलंय. ज्याला मी मैमानच्या बाबतीत सन्मान म्हटलं, तेच त्यांच्या रीतीने बघितलं तर मेलेल्याला अडवून धरणं ठरू शकतं. संग्रहालयाचा सगळा धर्मच जपण्याचा. यांचा, वेळ आली की जाळून मोकळं करण्याचा. या दोन्हींत मधला मार्ग आहे असं मला वाटत नाही. निदान कुठलं चित्र कुणाला, कधी, कोणत्या मजकुरासह दाखवायचं हे अहा मखाव लोकांनी ठरवावं आणि अभिलेखागारांनी ते ऐकावं, इतकं तरी होऊ शकतं.

माझ्या प्रबंधात मी मैमानचं नाव ठेवते आहे, कारण ते कॅप्शन हाच तिथे पुरावा आहे. मोसाच्या फोटोखाली कर्टिसचा परिच्छेद छापत नाही, त्याची चर्चा मजकुरात स्वतंत्र करते. फोटोखाली फक्त 1903 हे साल, आणि त्याला लागून दोन तारखा: रेल्वे 1883, शाळा 1890.

पुढच्या पोस्टमध्ये नीडल्स स्टेशनवरची पोस्टकार्डं घेणार आहे. कलेच्या हिशेबात ती अगदीच सामान्य: ऊन जास्त, चौकट वाकडी, रंग हाताने फासलेले. पण त्यांत सुती झगे आणि शाली पांघरलेल्या मोहावे बायका विकायला मणीकाम घेऊन बसलेल्या दिसतात, आणि कर्टिसने जे चौकटीबाहेर ठेवलं ते तिथे आपसूक आत आलेलं आहे: फलाट, रूळ, आणि गिऱ्हाईक.